स्तन काढल्यानंतर: नवा बनवायचा, कृत्रिम लावायचा की दोन्ही नको?

स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं की पुढचे बहुतेक निर्णय तपासण्यांचे अहवाल बघून डॉक्टरच घेतात. केमो आधी की ऑपरेशन आधी, रेडिएशन किती दिवस, गोळ्या किती वर्षं, या गोष्टी बाईने ठरवायच्या नसतात आणि ते रास्तच आहे. मग एका भेटीत अचानक तिच्याकडे चेंडू येतो. "स्तन काढावा लागेल. त्याच वेळी नवा बनवून हवा आहे का?" काल-परवापर्यंत तिने हा विचारही केलेला नसतो. झोप उडालेली असते, घरच्यांचे चेहरे उतरलेले असतात, आणि उत्तर पुढच्या आठवड्यात हवं असतं.

म्हणून सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. या प्रश्नाला वैद्यकीयदृष्ट्या 'बरोबर' असं एकच उत्तर नाही. पुनर्रचना, म्हणजे ऑपरेशन करून नवा स्तन बनवणं, केल्याने कर्करोग लवकर बरा होत नाही आणि न केल्याने बळावत नाही. निवड चुकली तर जिवावर बेतेल, ही भीती मनातून काढून टाकली तरच पुढचं सगळं शांतपणे वाचता येईल. माझ्या मते "कुठला पर्याय चांगला" या प्रश्नापेक्षा जास्त उपयोगी प्रश्न हा आहे: आज मी अमुक निवडलं, तर नंतर मन बदलल्यावर कुठली वाट मोकळी राहील आणि कुठली कायमची बंद होईल?

## मास्टेक्टॉमीत नेमकं काय जातं

मास्टेक्टॉमी म्हणजे स्तनातल्या सगळ्या ग्रंथी आणि चरबी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. साध्या प्रकारात स्तनाग्र, त्याभोवतीचा गडद भाग आणि वरची बरीचशी त्वचाही जाते. छातीचे स्नायू मात्र राहतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम हॉल्स्टेड या अमेरिकन शल्यविशारदाने रूढ केलेल्या पद्धतीत हे स्नायूही काढले जात आणि छाती आत खचलेली दिसे. आजच्या बायकांना ज्या जुन्या गोष्टी ऐकून धडकी भरते, त्यातल्या बऱ्याच त्या काळातल्या आहेत.

लगेच पुनर्रचना ठरली असेल, तर वरची त्वचा जागेवर ठेवून आतलं काढता येतं. गाठ स्तनाग्रापासून पुरेशी लांब असेल तर काही जणींचं स्तनाग्रही वाचवता येतं. या मजकुरातलं 'आधीच ठरवायला हवं' असं जे थोडं आहे, त्यात हे सगळ्यात महत्त्वाचं. एकदा काढलेली त्वचा आणि स्तनाग्र परत मिळत नाही.

जाता जाता एक प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा: पूर्ण स्तन काढणं गरजेचं आहे का? गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग काढून रेडिएशन दिलं, तर सुरुवातीच्या टप्प्यातल्या कर्करोगात जगण्याची शक्यता पूर्ण स्तन काढण्याइतकीच राहते, हे बर्नार्ड फिशर यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासाने २० वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००२ मध्ये दाखवलं. प्रत्येकीला ते लागू पडत नाही. गाठी अनेक असतील, मोठ्या असतील किंवा रेडिएशन देता येणार नसेल, तर स्तन काढावाच लागतो. पण विचारलेलं बरं.

## कृत्रिम स्तन: बाहेरून लावायचा

प्रॉस्थेसिस म्हणजे ब्रामध्ये ठेवायचा तयार स्तन. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यांत जखम ओली असते, छाती हुळहुळी असते, तेव्हा कापसाचा, फोमचा किंवा सुताचा विणलेला हलका स्तन वापरतात. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी जखम पूर्ण भरली की सिलिकॉनचा घेता येतो. रेडिएशन चालू असेल तर त्वचा शांत होईपर्यंत आणखी थांबावं लागतं.

सिलिकॉनचा स्तन हाताला मऊ लागतो, चालताना थोडा हलतो आणि अंगाच्या उबेने गरम होतो. त्याला वजन असतं, आणि ते मुद्दाम ठेवलेलं असतं. दुसरा स्तन मोठा असेल तर एका बाजूचं वजन अचानक गेल्यावर अनेकींना खांदा आणि मान ओढल्यासारखी वाटते, ब्रा त्या बाजूने वर सरकते. म्हणून दिसण्यासोबत वजनही जुळवून घ्यायचं. काखेतल्या गाठी (लसिका ग्रंथी) काढल्या असतील तर हाताला सूज येण्याचा धोका असतो. अशा वेळी ब्राचा पट्टा रुंद हवा, खांद्यात रुतणारा नको.

आतून खिसा शिवलेली ब्रा मिळते. स्तन त्या खिशात राहतो, त्यामुळे वाकल्यावर घसरून बाहेर येण्याची भीती राहत नाही. थेट त्वचेला चिकटणारे प्रकारही आहेत. पोहताना वापरायचे वेगळे असतात, कारण फोमचा स्तन पाणी पितो. सिलिकॉनचा रोज सौम्य साबणाने धुवायचा, पिना-सुयांपासून जपायचा. नीट वापरला तरी काही वर्षांत तो बदलावा लागतो.

गैरसोयी लपवण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यात त्याच्या मागे घाम येतो. रोज सकाळी घालायचा, रात्री काढायचा, म्हणजे स्तन नसल्याची आठवणही रोज. खोल गळ्याच्या कपड्यांत अडचण होते. काहींना हे सहा महिन्यांत अंगवळणी पडतं, काहींना दहा वर्षांनीही पडत नाही. आपण कुठल्या गटात आहोत हे आधी सांगता येत नाही, पण वापरून मात्र पाहता येतं. या पर्यायाचं खरं बळ तिथेच आहे: एकही जादा टाका न घालता तो आजमावता येतो, आणि नाही पटला तर पुढची प्रत्येक वाट जवळजवळ तशीच मोकळी राहते.

## इम्प्लांट: आत बसवायचा

इम्प्लांट म्हणजे सिलिकॉनच्या आवरणात सिलिकॉनचं जेल किंवा मिठाचं पाणी भरलेली पिशवी. पहिलं सिलिकॉन जेल इम्प्लांट १९६२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला बसवलं गेलं. आज ते छातीच्या स्नायूखाली किंवा वर बसवतात. पुरेशी त्वचा वाचली असेल तर एकाच ऑपरेशनमध्ये होतं. नसेल तर आधी एक्सपांडर, म्हणजे रिकामी फुगवता येणारी पिशवी बसवतात. मग दर एक-दोन आठवड्यांनी सुईने तिच्यात मिठाचं पाणी भरून त्वचा हळूहळू ताणतात. हवा तेवढा आकार आला की काही महिन्यांनी दुसऱ्या ऑपरेशनमध्ये ती काढून कायमचं इम्प्लांट ठेवतात. पाणी भरल्यावर दोन दिवस छाती घट्ट आवळल्यासारखी दुखते. बऱ्याच एक्सपांडरमध्ये लोहचुंबक असतं, म्हणून तो आत आहे तोवर एमआरआय काढण्याआधी डॉक्टरांना सांगणं आवश्यक आहे.

'कायमचं' हा शब्द मी वापरला खरा, पण इम्प्लांट जन्मभर टिकेल असं कोणीही वचन देत नाही. शरीर कुठल्याही परक्या वस्तूभोवती एक पातळ आवरण तयार करतं. काहींच्या बाबतीत ते जाड होऊन आवळू लागतं, स्तन कडक होतो, आकार बिघडतो, दुखतो. इम्प्लांट फाटूही शकतं, आणि जेल असेल तर ते कळतही नाही. म्हणून अमेरिकेचं औषध नियामक खातं जेल इम्प्लांट बसवल्यानंतर पाच-सहा वर्षांनी आणि त्यापुढे दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करायला सांगतं. चाळिशीतल्या बाईने इम्प्लांट निवडलं, तर आयुष्यात पुन्हा एकदा तरी ते बदलावं किंवा काढावं लागेल, असं धरूनच चालावं.

एक दुर्मीळ पण खरा धोका बऱ्याच जणींना सांगितलाच जात नाही. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवतीच्या आवरणात क्वचित एक प्रकारचा लिम्फोमा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा कर्करोग, होऊ शकतो. याच कारणाने ॲलरगन कंपनीची अशी इम्प्लांट २०१९ मध्ये जगभरातून परत मागवली गेली. बसवल्यानंतर कित्येक वर्षांनी स्तन अचानक सुजला तर ती सूज अंगावर काढायची नाही. वेळेवर लक्षात आलं तर इम्प्लांट आणि आवरण काढून बहुतेक जणी बऱ्या होतात. आपल्याला गुळगुळीत बसवलं की खरखरीत, हे विचारा आणि त्याचं कार्ड जपून ठेवा.

## स्वतःच्या शरीरातून बनवलेला स्तन

दुसऱ्या प्रकारात शरीराच्या एका भागातली त्वचा आणि चरबी छातीवर आणतात. याला फ्लॅप म्हणतात. बहुतेक वेळा ती पोटाच्या खालच्या भागातून घेतात, कधी पाठीवरून (तिथला स्नायूही सोबत येतो), कधी मांडीतून किंवा नितंबातून. १९८२ मध्ये पोटाचा स्नायूही सोबत घेण्याची पद्धत आली, तेव्हा पोटाची भिंत कमजोर पडायची. १९९० च्या दशकात स्नायू जागेवर ठेवून फक्त त्वचा, चरबी आणि रक्तवाहिन्या घेण्याची पद्धत रुळली. तिला डीप फ्लॅप म्हणतात.

यात अवघड काय, ते रोपावरून समजेल. रोप मातीच्या गोळ्यासकट उचलून दुसरीकडे लावलं, पण नव्या जागी मुळांना पाणीच पोचलं नाही, तर ते दोन दिवसांत मान टाकतं. फ्लॅपचंही तसंच आहे. पोटातून आणलेल्या चरबीची एक-दोन मिलिमीटरची रक्तवाहिनी सूक्ष्मदर्शकाखाली छातीतल्या रक्तवाहिनीला शिवतात. तो जोड बंद पडला तर फ्लॅप मरतो. म्हणून ऑपरेशन सहा-आठ तास किंवा त्याहून जास्त चालतं, आणि पहिले दोन-तीन दिवस नर्स तासातासाला रंग, ऊब आणि नाडी तपासते. अनुभवी हातांत पूर्ण फ्लॅप जाण्याचं प्रमाण शेकडा थोड्याच बायकांपुरतं असतं. तंबाखू, विशेषतः धूम्रपान, ते वाढवतं, कारण निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. किमान महिनाभर आधी ते बंद करायला लावतात, आणि ही अट नुसती नावापुरती नसते.

यातून उठायला सहा ते आठ आठवडे लागतात. जखमा दोन ठिकाणी असतात. सुरुवातीला पोटाच्या टाक्यांमुळे ताठ उभं राहता येत नाही, जड उचलायची मनाई असते, पुढे कधी पोटाला फुगवटा किंवा हर्निया होऊ शकतो. मोबदला मात्र मोठा आहे. हा स्तन आपल्याच मांसाचा असतो. वजन वाढलं की वाढतो, घटलं की घटतो, वयानुसार दुसऱ्या स्तनाबरोबर ओघळतो आणि काही वर्षांनी बदलावा लागत नाही.

मात्र पोटाची चरबी एकदाच वापरता येते. आज एका स्तनासाठी ती खर्च केली आणि उद्या दुसरा काढावा लागला, तर त्यासाठी पाठ किंवा मांडीच उरते. पोट कमी करण्याचं ऑपरेशन आधी झालेलं असेल, तर ही वाट तिथेच बंद झालेली असते. दुसऱ्या स्तनालाही धोका आहे का हे सांगणारा जनुकीय तपासणीचा अहवाल यायचा असेल तर तो हातात येईपर्यंत थांबायला मी सांगेन, याच कारणासाठी.

## रेडिएशन सगळं गणित बदलतं

किरणांनी कर्करोगाच्या पेशी मरतात, पण त्वचा आणि खालचे थरही कडक होतात, त्यांचा रक्तपुरवठा कमी होतो. अशा छातीत इम्प्लांट असेल तर ते आवळण्याचं, जंतुसंसर्ग होण्याचं आणि शेवटी काढावं लागण्याचं प्रमाण बरंच वाढतं. स्वतःच्या मांसाचा फ्लॅप आपला रक्तपुरवठा सोबत घेऊन येतो, त्यामुळे किरण दिलेल्या छातीत तो जास्त चांगला रुजतो. म्हणून रेडिएशन होणारच असेल, तर अनेक शल्यविशारद ते संपल्यावर सहा महिने ते वर्षभर थांबून फ्लॅप करतात.

खरी पंचाईत पुढेच आहे. रेडिएशन लागेल की नाही हे कधी कधी ऑपरेशननंतर, काखेतल्या गाठींचा अहवाल आल्यावरच कळतं. म्हणजे ज्या माहितीवर निर्णय अवलंबून असतो, तीच निर्णय घेऊन झाल्यावर येते. "मला रेडिएशन लागण्याची शक्यता किती, आणि लागलं तर तुम्ही आज सुचवताय त्याचं काय होईल?" हा एक प्रश्न विचारल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नये, असं मला मनापासून वाटतं.

## "आता नाही केलं तर नंतर होणारच नाही ना?"

होतं. महिन्यांनी, वर्षांनी, दहा वर्षांनीसुद्धा. उशिरा करण्याचा तोटा एवढाच की वाचवता आली असती ती त्वचा आणि स्तनाग्र गेलेलं असतं, व्रण जास्त दिसतो आणि एक भूल वाढते. त्याच्या बदल्यात उपचार संपलेले असतात, अहवाल हातात असतात, आणि प्रॉस्थेसिस वापरून आपल्याला काय खुपतं तेही कळलेलं असतं.

लगेच केलेल्या पुनर्रचनेत जखम चिघळली तर केमो लांबणीवर पडू शकते, हेही तोलून पाहायला हवं. अमेरिका आणि कॅनडातल्या ११ केंद्रांनी २,३०० हून जास्त बायकांचा दोन वर्षं पाठपुरावा करून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. पुनर्रचनेनंतर जवळपास एक तृतीयांश जणींना काही ना काही गुंतागुंत झाली, आणि पाचातल्या जवळपास एकीला त्यासाठी पुन्हा ऑपरेशन टेबलावर जावं लागलं. हे आकडे घाबरवण्यासाठी दिलेले नाहीत. बहुतेक जणी त्यातून बाहेर पडतात. पण "एकच ऑपरेशन, मग विषय संपला" असं कोणी म्हणालं, तर ते अर्धवट आहे. स्तनाग्र बनवणं, त्याचा रंग गोंदवणं, दुसरा स्तन लहान करून जुळवून घेणं, खळगा राहिला तिथे चरबी भरणं, अशी छोटी ऑपरेशनं मागून येतात.

## "कर्करोग परत आला तर आत लपून राहील"

ही भीती घरोघरी ऐकू येते. पुनर्रचनेमुळे कर्करोग परत येण्याचं प्रमाण वाढत नाही. आला तर तो बहुधा त्वचेत किंवा तिच्या लगेच खाली येतो, म्हणजे हाताला लागतो. बनवलेल्या स्तनाची नेहमीची मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) सहसा करत नाहीत, डॉक्टर हाताने तपासतात आणि शंका आली तर सोनोग्राफी किंवा एमआरआय करतात. फ्लॅपमध्ये चरबीचा एखादा भाग मरून कडक गाठ लागू शकते. ती निरुपद्रवी असते, पण तपासून घ्यावीच लागते, आणि ते दिवस वाईट जातात. दुसऱ्या स्तनाची मॅमोग्राफी मात्र चालूच ठेवायची.

## "नवा स्तन पूर्वीच्या स्तनासारखाच असेल"

दिसायला, विशेषतः कपड्यांत, खूप जवळ जाऊ शकतो. जाणवायला नाही. संवेदना पोचवणाऱ्या नसा मास्टेक्टॉमीतच कापल्या जातात, त्यामुळे बनवलेला स्तन बराचसा बधिर राहतो. काही भागात वर्षा-दोन वर्षांत थोडी जाणीव परतते. नसा जोडण्याचे प्रयोग चालू आहेत, पण त्यावर विसंबून निर्णय घेऊ नये. गरम पाण्याच्या पिशवीने बधिर स्तन भाजल्याचे प्रकार घडले आहेत, कारण चटका कळतच नाही. वाचवलेलं स्तनाग्रही दिसतं, पण त्याला स्पर्श सहसा कळत नाही.

मला यात सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की बाईला फोटो दाखवले जातात आणि ही गोष्ट सांगायची राहून जाते. स्तन इतरांना कसा दिसेल हे तपशिलाने बोललं जातं, तिला तो कसा लागेल हे नाही. आपणच विचारायचं. आणि फोटो मागायचे ते त्याच डॉक्टरांनी केलेल्या, आपल्यासारख्या शरीरयष्टीच्या बायकांचे, बरे-वाईट दोन्ही.

## "या वयात कशाला?" आणि "एवढी तरुण आहेस, करूनच घे"

दोन्ही वाक्यं बहुधा दुसऱ्याच कोणाची असतात. वय हा एकटा अडसर नाही. अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार, फार वाढलेलं वजन, धूम्रपान हे अडसर असतात. सत्तरीतली तब्येतीने ठणठणीत बाई पुनर्रचना मागत असेल तर तिला हसण्याचं कारण नाही. पस्तिशीतल्या बाईला आणखी एकही ऑपरेशन नको असेल, तर तिला धाडस शिकवण्याचंही नाही. नवऱ्याशी जरूर बोलावं, पण टाके तिच्या अंगावर पडणार आहेत.

## आणि दोन्ही नको असेल तर

छाती सपाट ठेवायची, आत काही नाही, बाहेर काही नाही, हाही पूर्ण पर्याय आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २०२० मध्ये त्याला आपल्या शब्दकोशात स्वतंत्र नाव दिलं: जादा त्वचा काढून छाती नीट, सपाट शिवणं. त्यानंतर वर्षभरात प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत हा मार्ग घेतलेल्या ९३१ बायकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश समाधानी होत्या. ज्या असमाधानी होत्या, त्यांच्या बाबतीत एक कारण ठळक दिसलं: शल्यविशारदाने त्यांचं म्हणणं मनावर घेतलं नव्हतं.

हे घडतं कसं, ते सांगते. बाई म्हणते "नको", आणि "पुढे मन बदललं तर असू दे" म्हणून डॉक्टर थोडी जादा त्वचा ठेवतात. त्या त्वचेच्या घड्या पडतात, काखेजवळ मांसाचा उंचवटा राहतो. तिथे घाम साचतो, प्रॉस्थेसिस नीट बसत नाही, आणि सपाटही दिसत नाही. पुढे फ्लॅप करायचा झाला तर तो स्वतःची त्वचा सोबत आणतोच, तेवढ्यासाठी घड्या सांभाळायची गरज सहसा नसते.

त्यामुळे प्रॉस्थेसिस वापरणार असाल, सपाट राहणार असाल किंवा अजून काहीच ठरलेलं नसेल, तरी ऑपरेशनच्या आधीच, शुद्धीवर असताना, शल्यविशारदाला सांगा की शिवण सपाट हवी, काखेच्या टोकापर्यंत. ते संमतीपत्रात लिहून घ्या. आणि पुनर्रचनेचा विचार मनात असेल तर प्लास्टिक सर्जनची भेट मास्टेक्टॉमीच्या आधी मागून घ्या, तिथे जाऊन शेवटी "नको" म्हणणार असलात तरीही. निदान झाल्यापासून ऑपरेशनपर्यंत एक-दोन आठवडे विचाराला घेतले, तर बहुतेक वेळा कर्करोगाच्या दृष्टीने काही बिघडत नाही. तुमच्या बाबतीत किती थांबता येईल, हे थेट विचारा आणि तारीख तेवढी पुढची घ्या.